तिखोनची आई

“पट्टा उकळत होता ते पातेलं कोणतं?” तिखोनने विचारलं.

“निळं. कानतुटकं,” येगोर कुझ्मिच कोबी चिरता चिरता म्हणाला.

“कोणता कान तुटला होता?”

“अरे, माझा सख्खा भाऊ गेला त्या आठवड्यात, आणि तू मला पातेल्याचा कान विचारतोस? तेहतीस वर्षं झाली, बाबा!” पण म्हाताऱ्याने सुरी खाली ठेवली, डोळे मिटले आणि शेगडीवरचं काहीतरी उचलावं तसा रिकाम्या हवेत हात पुढे केला. “डावा. फेद्या उजव्या हाताने उचलायचा. म्हणजे तुटका तो डावा.”

तिखोनने ते वहीत लिहून घेतलं.

पलीकडच्या शेगडीपाशी पोल्या मावशी उभी होती. तिने पातेल्यावर झाकण आदळलं. “जिवंत माणसांनी या घरात बटाटेसुद्धा उकडू नयेत. सकाळ-संध्याकाळ आपली मेलेल्यांची चौकशी!” असं म्हणून ती बटाटे शिजत ठेवून तशीच आपल्या खोलीत निघून गेली. दार लावल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला.

“हिचं काय बिनसलं?” येगोर कुझ्मिच म्हणाला.

तिखोनची बायको कापा तिथेच भांडी विसळत होती. तिने मावशीच्या शेगडीचा गॅस हळूच बारीक केला. त्या घरात दुसऱ्याच्या शेगडीला हात लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. पण कापा आणि पोल्या मावशीचं तसं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी कापा व्होलोग्दाकडच्या खेड्यातून लग्न होऊन लेनिनग्रादला आली, तेव्हा तिला गॅस पेटवता येत नव्हता. मावशीने तिचा हात धरून काडी ओढायला शिकवली होती.

एका घरात सात बिऱ्हाडं. एक लांबलचक बोळ, दोन्हीकडे खोल्या, टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. प्रत्येकाची शेगडी वेगळी आणि प्रत्येकाचा दिवासुद्धा वेगळा. छताला सात बल्ब टांगलेले आणि त्यांची बटणं ज्याच्या त्याच्या खोलीत. माणूस स्वयंपाकाला निघाला की आपला दिवा लावून यायचा, परतला की विझवायचा. दुसऱ्याच्या उजेडात कांदा चिरला म्हणून बोलाचाली झालेल्या कापाने पाहिल्या होत्या. आणि तीच माणसं कुणाला ताप आला की रात्रभर उशाशी बसायची. आता तशी घरं राहिली नाहीत. ती बरी होती असं नाही, पण त्या घरांत माणूस एकटा मरत नसे.

पण एकेचाळीस-बेचाळीसच्या हिवाळ्यात, जर्मनांनी शहराला वेढा घातला तेव्हा, मात्र मरत होता. वेढा पडला तेव्हा त्या घरात तेवीस जण होते. बेचाळीसच्या वसंतात अकरा उरले.

तिखोन तेव्हा इथे नव्हता. पंधरा वर्षांचा असताना कारखान्याच्या शाळेबरोबर त्याला उरलमध्ये पाठवलं होतं. आई मागे राहिली, कारण ती सैनिकांचे कोट शिवायची आणि ते काम सोडता येत नव्हतं. तिकडे त्याला घरखात्याचं चिठोरं मिळालं, ‘येवदोकिया निकानोरोव्ना दोल्गुशिना, मृत्यू २८ फेब्रुवारी १९४२.’ पंचेचाळीस साली तो परतला तेव्हा खोलीत एक टेबल आणि एक खुर्ची एवढंच होतं, बाकी सगळं जळणात गेलेलं. शेजारच्या पोल्या मावशीला त्याने विचारलं, आई कशी गेली. मावशी म्हणाली, “झोपेत.” त्यानंतर तीस वर्षं तिने त्या विषयावर तोंडातून ब्र काढला नव्हता.

तिखोन सरकारी चित्रशाळेत कामाला होता. सणासुदीला इमारतींवर तीन-तीन मजले उंचीची नेत्यांची चित्रं लागायची, ती तिथे तयार होत. तिखोन चित्रकारांच्या संघटनेचा सभासद नव्हता, म्हणून त्याला चेहरे देत नसत. त्याच्याकडे कोट आणि पदकं. नेत्याला नवीन पदक मिळालं की तिखोन शिडी लावून छातीवर ते रंगवून यायचा. येगोर कुझ्मिच म्हणायचा, “तिखोन, त्यांना सांग जरा, बस करा आता, शिडी पुरत नाही!”

पण घरी तो दुसरंच रंगवायचा. एखादा नेता पायउतार झाला की त्याची चित्रं फाडून गोदामात टाकत. तिखोन त्यांतले तुकडे घरी आणायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्या घरातली गेलेली माणसं काढायचा. खोली दोनमधले भूगोलाचे मास्तर हातमोजे घालून वह्या तपासत होते आणि तपासता तपासताच गेले. मार्फा अंतोनोव्ना थंड शेगडीपाशी रिकामा चमचा धरून बसली होती. दोघी बहिणी, दोन वेगळ्या चित्रांत पण एकाच पांघरुणात. फेद्या भुकेपोटी कातडी पट्टा उकळतोय. त्यांच्या हातात ना बंदूक, ना झेंडा. वेढ्याची चित्रं अशी काढायची नसत. वेढा म्हणजे शौर्य, हे सगळ्यांना शाळेतच शिकवलं होतं. दोन वेळा त्याने ती संघटनेत नेऊन दाखवली. दुसऱ्या वेळी एक जण म्हणाला, “तुमचे डोळे तपासून घ्या, आणि जमलं तर डोकंही.” त्यानंतर तिखोनने ती कुणालाच दाखवली नाहीत, घरातल्या माणसांखेरीज.

घरातली माणसं मात्र येत. येगोर कुझ्मिच दर रविवारी फेद्याला बघायला यायचा, समोर खुर्ची घेऊन बसायचा आणि जाताना “चल रे,” म्हणायचा. कापाला सुरुवातीला त्या चित्रांचं भय वाटायचं. मग तिलाही सवय झाली. स्वयंपाकघरात ती एकटी असली तरी पाठीमागे माणसं आहेत असं वाटायचं. वळून बघायची नाही, फक्त थोडी सरकून जागा करून द्यायची.

अकरा चित्रं झाली होती. बारावी आई राहिली होती.

“काढ ना अंदाजाने,” कापा एकदा म्हणाली. “तुझीच आई. चेहरा तर आठवतो.”

“चेहरा आठवतो. ती कशी गेली ते माहीत नाही. पातेल्याचा कान चुकला, कापा, तरी अख्खा माणूस खोटा होतो. आणि आईला मी खोटं काढू?”

आईसाठी त्याला चित्रशाळेतलं फाटकं कापड नको होतं. म्हणून कापाने ट्रंकेतून माहेरचं कापड काढून दिलं. तिच्या आईने हातमागावर विणलेलं जवसाचं जाड कापड, लग्नात दिलेलं, आजवर न वापरलेलं. तिखोनने ते चौकटीवर ताणलं, पांढरा लेप दिला आणि खिडकीपाशी उभं केलं. ऑक्टोबरभर ते तसंच उभं राहिलं. कामावरून आला की तो त्याच्यासमोर बसायचा. कुणीतरी यायचंय आणि उशीर झालाय, तसा.

एके दिवशी पोल्या मावशी पिठाची चाळणी परत द्यायला आली. ती नेहमी उंबऱ्याबाहेरच थांबायची. इतक्या वर्षांत तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. कापा म्हणायची, आत ये की गं, बस. मावशी म्हणायची, नको, सूप ठेवलंय. त्या दिवशी तिची नजर खिडकीपाशी गेली आणि चाळणी हातातच राहिली.

“हे कुणासाठी?”

“आईसाठी,” तिखोन म्हणाला. “तू सांगशील तेव्हा.”

“मी काय सांगणार? सांगितलं ना, झोपेत.”

“झोपायला पलंग कुठे होता, मावशी? पलंग तर डिसेंबरातच जाळला. येगोर कुझ्मिच म्हणाला.”

मावशीने चाळणीच्या काठावरचं पीठ बोटाने पुसलं.

“असू दे,” तिखोन सावकाश म्हणाला. “मी शोधून काढीन. कुठेतरी काहीतरी कागद असेलच.”

मावशीने चाळणी उंबऱ्यावर ठेवली आणि ती गेली.

नोव्हेंबरचा क्रांतिदिनाचा सण झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारावरची घंटा वाजली. सर्दीने बेजार झालेला एक तरुण अधिकारी, एक शिपाई आणि घरखात्याची बाई. तक्रार आली होती. सरकारी माल घरी आणला जातो आणि त्यावर शहराची बदनामी करणारी चित्रं काढली जातात.

“पंच म्हणून दोन शेजारी लागतील,” अधिकारी नाक पुसत म्हणाला. घरखात्याच्या बाईने समोर दिसले त्यांना बोलावलं, येगोर कुझ्मिचला आणि पोल्या मावशीला. मावशी शालीत गुरफटून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

कपाटामागून, पलंगाखालून एकेक चित्र निघालं. खोलीत मावेनात म्हणून शिपायाने ती बोळातून स्वयंपाकघरात नेली आणि शेगड्यांवर ओळीने लावली. तिथे एक अडचण झाली. चित्राची बाजू समोर ठेवली तर मागे रंगवलेले कोट आणि पदकं भिंतीकडे जात होती, शेगडीवर आपटत होती.

“हे असं चालेल का?” शिपायाने विचारलं. “नेत्याचं तोंड भिंतीला?”

“तोंड नाहीये. नुसती हनुवटी आहे,” अधिकारी म्हणाला.

“पण काढून टाकलेल्या नेत्याची आहे की चालू?”

“चालूची असती तर फाडली असती का?” येगोर कुझ्मिच म्हणाला, आणि घरखात्याच्या बाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो खोकायला लागला.

सकाळ असूनही आत अंधार होता. अधिकाऱ्याला लिहिता येईना. “दिवा लावा की!”

“कुणाचा?” कुणीतरी विचारलं.

“कुणाचा म्हणजे? दिवा, दिवा!”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग येगोर कुझ्मिच आपल्या खोलीत गेला आणि त्याचा बल्ब लागला. त्याच्यापाठोपाठ दुसरा लागला, मग तिसरा. घरातल्या सातही बिऱ्हाडांचे दिवे एकदम लागलेले कापाने पहिल्यांदाच पाहिले. त्या उजेडात शेगड्यांवर बसलेली अकरा माणसं इतकी स्पष्ट दिसली की कापाने नकळत सरकून त्यांना जागा करून दिली.

अधिकाऱ्याने यादी सुरू केली. “चित्र क्रमांक एक. नाव काय याचं?”

तिखोन बोटाला लागलेला रंग नखाने खरवडत राहिला.

“नाव नाही? बरं. म्हातारी, हातात चमचा...”

“म्हातारी काय म्हणून?” येगोर कुझ्मिच म्हणाला. “ती आमची मार्फा. मार्फा अंतोनोव्ना. एकेचाळीस वर्षांची होती.”

अधिकाऱ्याने मान वर केली.

“पंच आहे ना मी? मग बरोबर लिहून घ्या. मार्फा अंतोनोव्ना, खोली पाच. अकरा जानेवारी.”

अधिकाऱ्याने लिहिलं. दुसऱ्या चित्रापाशी आला आणि त्याने आपणच मागे वळून विचारलं, “आणि हे?”

“भूगोलाचे मास्तर, खोली दोन,” दारातून कुणीतरी म्हणालं. तिसऱ्याला तर विचारायचीही गरज पडली नाही. दारांतून, बोळातून नावं येत गेली. फेद्याचं आलं तेव्हा येगोर कुझ्मिचने पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि म्हणाला, “माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा.” अकरा नावं सरकारी कागदावर उतरली. त्याआधी ती एकत्र कुठेच लिहिलेली नव्हती.

मग शिपाई खिडकीपाशी उभं केलेलं कोरं कापड घेऊन आला. “हे?”

“आई,” तिखोन म्हणाला. सकाळपासून तेवढा एकच शब्द.

“पण यावर काहीच नाही.”

“नाही.”

“कापड सरकारी?”

“माझ्या माहेरचं आहे,” कापा पुढे झाली. “आईने विणलंय. काठ बघा. असला काठ तुमच्या चित्रशाळेत मिळतो का?”

अधिकाऱ्याने काठ पाहिला, शिंकला आणि ते परत ठेवायला सांगितलं. मग पंचांच्या सह्या झाल्या. येगोर कुझ्मिचने मोठी सही केली. पोल्या मावशीची लेखणी कागदावर टेकली आणि तशीच राहिली. घरखात्याची बाई म्हणाली, “करा ना, बाई, काय बघताय?” तेव्हा तिने सही केली. अकराही चित्रं खाली उभ्या असलेल्या गाडीत गेली. ती कुठे गेली ते पुढे कुणाला कळलं नाही.

तिखोनला चित्रशाळेतून काढलं. खटला चालला नाही, तेवढं नशीब. घरखात्यानेच त्याला आवारातला बर्फ काढायचं काम दिलं. पहाटे फावडं घेऊन जायचा, दुपारी यायचा, कोऱ्या कापडासमोर बसायचा. पण आता तो वाट बघत नव्हता, नुसता बसत होता. कापाला ते जास्त भीतीदायक वाटलं. स्वयंपाकघरात पाठीमागे आता कुणी असल्यासारखं वाटत नव्हतं. वही त्याने बंद करून ठेवली होती. एकदा तो म्हणाला, “अकरा गेली ती माझ्या डोक्यात आहेत. पुन्हा काढता येतील. आई तर डोक्यातही नाही.”

कापा दवाखान्यात कोट सांभाळण्याचं काम करायची. लोक आत जाताना ओव्हरकोट काढून द्यायचे, ती खुंटीला अडकवायची आणि नंबराचा बिल्ला द्यायची. डिसेंबरात एका दुपारी रांगेत पोल्या मावशी उभी होती.

“कुणाला दाखवायचंय? गुडघा?” कापाने तिचा कोट घेत विचारलं. बिल्ला दिला. मावशी मात्र तिथून हलेना. मागचा माणूस कोट पुढे करून उभा होता. कापाने त्याचाही घेतला.

“कापा, ते तक्रारीचं पत्र मी लिहिलं.”

कापाच्या हातात कुणाची तरी फरची टोपी होती. ती तिने खुंटीला लावली. खाली पडली. पुन्हा उचलून लावली.

“का?” तिने विचारलं. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

आणि लोक कोट देत-घेत असताना, बिल्ल्यांच्या खडखडाटात, मावशीने सगळं सांगितलं. तिखोनची आई अठ्ठावीस फेब्रुवारीला गेलीच नव्हती. ती नऊला गेली. माणूस गेल्याचं कळवलं की त्याचं पावाचं रेशन-कार्ड परत द्यावं लागे, म्हणून मावशीने कळवलं नाही. कामगाराचं कार्ड, पाव जास्त. महिनाअखेरपर्यंत, एकोणीस दिवस, तिने त्या कार्डावर पाव आणला आणि आपल्या लेकीला, झोयाला घातला. झोया तेव्हा चार वर्षांची, आणि तिला उठून उभंही राहता येत नव्हतं.

“तिखोन म्हणाला, कागद शोधीन. मला वाटलं, कळलं याला. ते एवढं मोठं कापड ताणलंय ते माझ्यासाठीच. चोर म्हणून काढील मला, आणि झोया बघेल.” मावशी कठड्याला धरून उभी होती. “मला वाटलं, दोन माणसं येतील, दम देतील, आणि हा थांबेल. सगळी नेतील असं वाटलं नव्हतं गं.”

“मला कशाला सांगतेस?” कापा म्हणाली. “त्याला सांग.”

“मला जमणार नाही.”

“मग मला ऐकवलंस कशाला? मी त्याच्याबरोबर जेवते, झोपते. हे पोटात ठेवून जेवू?”

मावशीने मान खाली घातली आणि बिल्ला पुढे केला. “कोट दे. जाते मी.”

“देत नाही.”

“काय?”

“त्याला सांगायला येणार असशील तर देते. नाहीतर बस तिथे बाकावर.”

“वेडी आहेस का? बाहेर शून्याखाली वीस अंश आहे! लोक बघतायत!”

“बघू देत.”

मावशी खरंच बाकावर बसली. तासभर बसली. एक बाई म्हणाली, “आजी, तुमचा कोट हरवला का?” मावशी म्हणाली, “नाही हो. माझाच आहे, तिच्याकडे आहे.” कामाची पाळी संपली तेव्हा कापाने दोघींचे कोट काढले, मावशीच्या बाह्या धरून तिला कोट घातला, वरचं बटण लावलं, आणि दोघी न बोलता घरी आल्या.

तिखोन कापडासमोर बसला होता. मावशी उंबऱ्यापाशी थांबली. मग तिने उंबरा ओलांडला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. आधी पत्राचं.

तिखोन कापडाकडून तिच्याकडे वळला. “पत्रात आडनाव तरी नीट लिहिलंस का? चित्रशाळेत कायम चुकवायचे.”

“नीट लिहिलं,” मावशी म्हणाली आणि रडायला लागली. मग उरलेलं सांगितलं.

तिखोनने तिला अडवलं नाही. ती थांबल्यावर त्याने वही उघडली. “कुठे गेली? नेमकी कुठे?”

“इथेच. या टेबलाशी. खुर्चीत.”

कापाने टेबलाकडे पाहिलं. बावीस वर्षं ते त्याच टेबलावर जेवत होते.

“तोंड कुठे?”

“खिडकीकडे. थोडं असं, बाहेर कुणी हाक मारावी तसं. हात बाह्यांत. राखाडी शाल डोक्यावरून. मला उचलवेना रे, माझ्यात जोरच नव्हता. म्हणून ती तशीच बसून राहिली. खिडकीला आतून बर्फ आला होता, तिच्या भुवयांवरसुद्धा.”

“कार्ड कुठे होतं?”

“तिच्या एप्रनच्या खिशात. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, ‘पोल्या, महिना संपेपर्यंत मी आहे असं समज. माझं कार्ड झोयाचं.’ हे कोण खरं मानणार होतं? कुणी ऐकलं नाही, मी आणि ती दोघीच. रोज सकाळी मी यायची, कार्ड काढायची आणि सांगायची, ‘येवदोकिया निकानोरोव्ना, पाव आणायला जाते.’ आणला की कार्ड परत तिच्या खिशात ठेवायची.”

“परत कशाला?”

मावशीला तो प्रश्नच समजला नाही. “तिचं होतं ना ते.”

तिखोनची पेन्सिल थांबली. त्याने वही मिटली, उठून खुर्ची टेबलाशी ओढली आणि खिडकीकडे वळवली.

“बस,” तो म्हणाला.

“मी? इथे?”

“तूच बघितलंयस. दुसरं कोण बसणार? शाल घे डोक्यावरून.”

त्या दिवसापासून दुपारी फावडं ठेवून तिखोन आला की मावशी यायची आणि त्या खुर्चीत बसायची. तिखोन म्हणायचा, “मान जरा डावीकडे, मावशी. अशी होती?” ती म्हणायची, “अजून थोडी. हनुवटी वर. मानी होती तुझी आई.” कापा चहा आणून ठेवायची, तो गार व्हायचा. मावशी चहाला हात लावत नसे. ती म्हणायची, “ती कुठे पीत होती?” तिखोनने तिला माफ केलं का, हे कापाला कधीच कळलं नाही. त्याने तिला कधी ‘जा’ म्हटलं नाही, ‘असू दे’ही म्हटलं नाही. रोज फक्त “ये,” म्हणायचा.

फेब्रुवारीत चित्र पुरं झालं. मावशीने ते बघितलं आणि इतकंच म्हणाली, “भुवया बरोबर आहेत.”

त्याच दिवशी दुपारी झोया आली. झोया ट्राम चालवायची आणि आईच्याच खोलीत राहायची. उंच, रुंद, बोळात आली की तिच्या आवाजाने दारं हलायची. “आई! कुठे आहेस? डबा घ्यायला आले, आणि ही रोज इथे काय बसते गं, कापा? घर बदललंस की काय?” बोलत बोलत ती आत आली आणि चित्रासमोर थबकली.

“आई गं. कोण ही?”

“माझी आई,” तिखोन म्हणाला.

“थंडीत बसलीये की. खिडकी लावत का नाही कुणी?”

पोल्या मावशी खुर्चीचा हात धरून उठली. कापा तिच्याजवळ सरकली, पण मावशीने तिला हाताने दूर केलं.

“झोया,” ती म्हणाली, “तू हिचा पाव खाल्लायस. ही गेल्यावर. एकोणीस दिवस. म्हणून आहेस.”

झोयाने चित्राकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. मग तिने खिडकीपाशी जाऊन झडप नीट लागलीये का ते दाबून पाहिलं.

“तुमच्याकडे पुन्हा येतील ना ते लोक?” शेवटी तिने तिखोनला विचारलं.

“येतीलही.”

“मग ही इथे कशी ठेवणार? आमच्या खोलीत कोण येतंय बघायला? थंडीसाठी भिंतीला जाजम लावलंय, त्याच्या मागे मावेल.” तिने बाह्या वर सारल्या. “कुठे धरू? कुठे ओलं आहे?”

“चेहरा ओला आहे,” तिखोन म्हणाला. “कडांना धर.”

झोयाने वाकून दोन्ही कडा धरल्या. चित्र तिच्या छातीएवढं होतं. तिने ते चेहरा बाहेर करून उचललं, अंगापासून दूर, हात ताणून. कापा पुढे झाली आणि दार उघडून उभी राहिली. बोळात येगोर कुझ्मिच सूपचं पातेलं घेऊन येत होता. तो भिंतीला चिकटला, पातेलं एका हातात सावरलं आणि दुसऱ्या हाताने टोपी काढली. आणखी दोन दारं उघडली.

“बाजूला व्हा,” झोया कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणत होती. “बाजूला व्हा. ओली आहे अजून.”